परत न येणाऱ्याला (गीता १७.२०)

आजचा श्लोक सात्त्विक दानाचा. द्यायला हवं म्हणून द्यावं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला. आणि ज्याच्याकडून फेड होणार नाही अशाला द्यावं, असं भगवान सांगतात. यावरची प्रवचनं बहुतेक देणाऱ्यासाठी असतात. मला मात्र तो घेणाऱ्याच्या बाजूने कळला, पायी परिक्रमेत, शूलपाणीच्या झाडीत.

सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली इथली काठाची जुनी वाट गेली. आता डोंगर चढायचा, उतरायचा, की पुढे दुसरा उभाच. पाठीवर आठ किलोची सॅक, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ. दिवेलागणीला अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर पोचलो. पत्र्याची शेड, सारवलेली जमीन. आतून हाक आली, "नर्मदे हर! कितनी मूर्ती?" परिक्रमेत माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात!

आम्ही तीन, आधी आलेल्या सहा. साताऱ्याकडचे निवृत्त एसटी ड्रायव्हर काका, बडोद्याची दोन पोरं, माळव्यातल्या एक आजी... आसनं लागली आणि तासाभरात जुनी ओळख असल्यासारखं झालं. काका एका पोराची टाच मांडीवर घेऊन फोडाला मलम लावत होते, तो ओरडत होता, आजी हसत होत्या.

घर पावरा कुटुंबाचं. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ. धरणात या भागातल्या कितीतरी लोकांच्या जमिनी गेल्या, आणि पूर्वी याच झाडीत परिक्रमावासी लुटले जायचे, हेही खरं. आज तिथेच चुलीपुढे बसून ती माउली नऊ परक्यांसाठी भाकरी थापत होती.

जेवणानंतर त्या पोराने पाचशेची नोट पुढे केली. घरधनी हात जोडून म्हणाला, "मैया का है, बाबाजी." पोरगा ओशाळला. "तो फिर लौटते समय कुछ लाऊँगा." काका म्हणाले, "बेटा, लौटना कहाँ है?"

खरंच की! मैया उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, आल्या वाटेने फिरायचं नाही. आम्ही पुन्हा दिसणार नाही हे त्या माउलीला पीठ मळतानाच ठाऊक होतं. फेड न होणारा तो म्हणजे कुणी भिकारी, असं मी समजत आलो होतो. इथे तर तो मीच, खिशात पैसे असलेला.

'कुणाचं फुकट नको' हा आपल्या घरांतला मोठा गुण. पण त्यात थोडा अहंकारही असतो, असं मला वाटतं. घेतलं की लगेच चुकतं करायचं आणि मोकळं व्हायचं. देणाऱ्याच्या दानाचा आपणच व्यवहार करून टाकतो. ऋणी राहायला जास्त नम्रता लागते.

रात्री नऊच्या सुमारास दहावी मूर्ती आली, तापाने फणफणलेली. भाकरी संपल्या होत्या. आजींनी सकाळसाठी बांधून ठेवलेली अर्धी सोडली. पोराने भिंतीकडची आपली जागा दिली आणि बराच वेळ त्याच्या कपाळावर ओला पंचा ठेवत बसला.

उद्या श्लोक २१, राजस दान.