कर्म मुलाचे, फळ कोणाचे?

दिंडोरी तालुक्यात मौजे खेडगाव येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी निवासी विद्यालयांची जी तजवीज सरकारने केली, तिचा लाभ या विद्यालयाच्या रूपाने नाशिक जिल्ह्याला झाला. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 मुले घ्यावयाची, त्यांतील किमान 75 टक्के खेड्यांतील असावयाची, आणि त्यासाठी पाचवीतल्या मुलाने दोन तासांत 80 प्रश्न सोडवावयाचे. सहावीच्या प्रवेशाची ही संधी त्याला एकदाच मिळते. ज्या घरातील आईबाप पहाटेपासून दुसऱ्याच्या बागेत राबतात, त्या घरातील मुलाला या विद्यालयाने अन्न, निवारा आणि उत्तम शिक्षण विनामूल्य द्यावे, ही मी अत्यंत पुण्याची गोष्ट मानतो. पुढील विवेचन या संस्थेविरुद्ध नाही, हे म्हणूनच आरंभी नमूद करतो.

परंतु हा केवळ पहिला दरवाजा झाला. त्याच सुमारास शिष्यवृत्तीची परीक्षा, पुढे काही वर्षांनी पुन्हा शिष्यवृत्ती, आणि आठवीपासूनच 'फाउंडेशन' या नावाने चालणारी आयआयटीची किंवा नीटची तयारी, असा क्रम आता तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला आहे. ज्या मुलाचा आवाजही अद्याप फुटलेला नाही, तो अठराव्या वर्षी ठोठावावयाच्या दरवाजासाठी बाराव्या वर्षी आकृत्यांच्या मालिका जुळवतो आणि उत्तरपत्रिकेतील वर्तुळ रेषेबाहेर न जाता काळे करण्याचा सराव करतो. आयआयटीच्या जागा सुमारे 18 हजार आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले दहा लाखांहून अधिक, हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे पालकांची घालमेल कळते. तिला लोभ म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन, फळावर दृष्टी ठेवणेच चुकीचे, असा निर्वाळा काही सज्जन देतात. लोकमान्यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या समजुतीचे सविस्तर निराकरण केलेले आहे: फलाशा सोडावयाची म्हणजे कार्याचा परिणाम काय होईल याचा विचारच सोडावयाचा, असे नव्हे, योजना करावी, साधने जुळवावी, आसक्ती मात्र नसावी. तेव्हा तयारी करावी की करू नये, हा खरा प्रश्नच नाही. खरा प्रश्न अधिकाराचा आहे, आणि तो गीतेपेक्षाही मीमांसेच्या प्रांतातला आहे.

ज्याला फळाची इच्छा असेल त्यानेच काम्य कर्म करावे, हा मीमांसकांचा सामान्य दंडक. स्वर्गाची कामना करणारा तोच यज्ञाचा अधिकारी. या दंडकाला अडचण आणणारे एक उदाहरण त्यांनी मोठ्या बारकाईने तपासले आहे: पुत्रजन्मानंतर करावयाची वैश्वानरेष्टी. येथे इष्टी करणारा पिता, आणि तेज, बल, अन्न हे फळ मात्र नवजात पुत्राला. कर्ता एक आणि फलभोक्ता दुसरा, हे कसे जुळावे? पुत्राचा उत्कर्ष ही पित्याचीच कामना असते, म्हणून त्याचा अधिकार टिकतो, असा मीमांसकांच्या उत्तराचा आशय आहे. कष्ट बापाने सोसावेत आणि लाभ लेकराला व्हावा, ही व्यवस्था शास्त्रालाही मान्य झाली.

आपल्या घराघरांत आज याच्या नेमके उलट चालले आहे. इच्छा पित्याची, संकल्प पित्याचा, आणि कर्म मात्र बारा वर्षांच्या मुलाचे. फळ मुलालाच मिळणार ना, असे कोणी म्हणेल; परंतु ज्या फळाची कामना त्याच्या मनात अद्याप उगवलेलीच नाही, त्याच्यासाठी त्याने सहा वर्षे व्रतस्थ राहावे, हा हुकूम देण्याचा अधिकार कोणत्या सनदेने मिळतो? पित्याने फी भरावी, पुस्तके आणावीत, स्वतःची झोप मोडावी. हे सारे वैश्वानरेष्टीच्या जातीचे आहे. मुलाचे बालपण दक्षिणा म्हणून देणे त्या जातीचे नाही, कारण ती वस्तू पित्याच्या मालकीची नव्हे.

यावर दिंडोरीतला बागाईतदार एक दृष्टांत हमखास पुढे करील, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. द्राक्षाचा घड दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. पण काडीच्या डोळ्यात त्याची सूक्ष्म घडनिर्मिती झालेली असते ती एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात. तेव्हा ज्याने उन्हाळा गमावला त्याने हंगाम गमावला. हे अक्षरशः खरे आहे. परंतु त्या उन्हाळ्यात बागाईतदार करतो काय? काड्यांची दाटी होऊ देत नाही, पानांना ऊन मिळेल असे पाहतो, खत-पाणी बेताचे ठेवतो. घड मागत नाही. आणि नव्या लागवडीत तर आधी खोड आणि ओलांडे तयार होऊ देतो, कोवळ्या वेलीवर माल धरण्याची घाई करीत नाही. वेलीबाबत जो विवेक आपल्या अंगवळणी पडलेला आहे, तो मुलाबाबत का सुटावा?

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. परीक्षेच्या दिवसांत पालक वणीहून सप्तशृंगीच्या गडावर जातात, दिंडोरीच्या स्वामी समर्थ केंद्रात प्रवेशपत्र ठेवून प्रार्थना करतात. श्रद्धेचा अनादर मी करीत नाही. पण जागा जेव्हा 80 च असतात, तेव्हा माझ्या मुलाला जागा मिळो या मागणीत दुसऱ्या कोणाच्या मुलाला ती न मिळो, हे अनुच्चारित राहूनही सामावलेले असते. आणि ते दुसरे मूल कदाचित पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला आलेल्या मजुराचे, शिकवणीचे तोंडही न पाहिलेले असते. जगदंबा त्याचीही आई आहे. मुलाची बुद्धी स्थिर राहो, त्याला भय न वाटो, एवढी प्रार्थना सर्वांसाठी एकदम करता येते. जागेची प्रार्थना तशी करता येत नाही.

तयारी धर्म्य आहे की नाही याची माझी कसोटी साधी आहे. उद्या ही परीक्षाच रद्द झाली, तर आज मूल जे शिकले त्याला अर्थ उरेल काय? अपूर्णांक समजला असेल, उतारा वाचून त्यातला भाव कळला असेल, न येणाऱ्या गणितापाशी न रडता बसण्याची सवय लागली असेल, तर उरेल, आणि तशी तयारी पाचवीतही खुशाल करावी. केवळ पर्याय वगळण्याच्या क्लृप्त्या पाठ झाल्या असतील तर काही उरणार नाही, आणि ती वर्षे कोणी परत करणार नाही.

नवोदयच्या अर्जावर दोन स्वाक्षऱ्या लागतात, एक पालकाची आणि एक विद्यार्थ्याची. पालकहो, दुसरी स्वाक्षरी घेण्यापूर्वी तो अर्ज मुलाला वाचून दाखवा, घर सोडून राहावे लागेल हे सांगा, निवड न झाल्यास घरात काहीही बदलणार नाही हेही सांगा, आणि मग त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.