‘हात लावू नको’ म्हंजे विटाळ नव्हे

‘हात लावू नको’ हे दोन तोंडांतून येतं. एक गावातलं सोवळं तोंड. दुसरं लोकलच्या गर्दीत चेंगरलेल्या बाईचं. मला लोक इचारतात : बाई, आपण शिवाशिव मोडायला निघालो, आन् तूच अंतर मागतेस?

मागते. दोन्ही अंतरं एक नव्हंत. विटाळ समोरच्याला हीन ठरवतो, त्याचं पाणी तोडतो. माझी हद्द कुणाचं काही हिरावत नाही. देह माझा, एवढंच सांगते. आणि विटाळ मानणाऱ्यांना आमच्या बायांची सावली चालत नव्हती, पण अंधारात देह चालत होता. म्हणून नकाराचा हक्क आम्हाला दुप्पट लागतो.

पिक्चरवाले उलटंच शिकवतात. २०१३ साली बाईचा पाठलाग हा कायद्यानं वेगळा गुन्हा ठरला : भारतीय दंड विधान, कलम ३५४-ड. त्याच साली ‘रांझणा’तला कुंदन झोयाच्या मागं मागं फिरला, मनगट कापून घेतलं, आन् त्याला प्रेम म्हटलं गेलं. २०२४ पासून ते कलम न्याय संहितेत ७८ झालं. आकडा बदलला. स्टेशनाबाहेर शीळ घालणारं पोरगं तेच.

संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता गाडली. ते पाणवठ्यावर या म्हणतं, बाईच्या अंगावर या म्हणत नाही. भावांनो, हाकलून देणं काय असतं हे आपल्याला ठाऊक. मग नको म्हणणं निराळं, हे वस्तीतल्या पोराला सांगणार कोण? पडदा तर सांगत न्हाई.