पुडी आणायला कोण पाठवतं?

मुलाच्या दप्तरात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सापडली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "संगत वाईट लागली." बाप म्हणतो, आई म्हणते, बाईंना शाळेत बोलावून सांगितलं की त्याही मान डोलावतात. दोन घरं सोडून त्याच्या मित्राकडे त्याच संध्याकाळी हेच वाक्य चाललेलं असतं, फक्त वाईट संगत म्हणजे आता आपला मुलगा असतो. किशोरवयातल्या व्यसनाबद्दल आपण जे काही बोलतो, लिहितो, शाळाशाळांतून शपथा देतो, ते बहुतेक सगळं या एका सिद्धांतावर उभं आहे. मुलगा चांगला, मित्र बिघडलेला. तेव्हा मुलाला 'नाही' म्हणायला शिकवा. मला हा सिद्धांत फार सोयीचा वाटतो. सोय अर्थातच मोठ्यांची.

२०१९ साली केंद्र सरकारने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचं तंबाखू सर्वेक्षण करून घेतलं. त्या वेळी तंबाखू वापरत असलेली मुलं ८.५ टक्के निघाली. दहा वर्षांपूर्वीच्या फेरीत हाच आकडा १४.६ होता. म्हणजे घट आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. 'आजची पिढी वाया गेली' म्हणणाऱ्यांनी हा आकडा उशाशी ठेवावा. पण त्याच अहवालात दुसरी एक माहिती आहे, जिची चर्चा मला कुठे फारशी ऐकू आली नाही. तंबाखू चघळणाऱ्या मुलांनी ती पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हाचं मध्यक वय ९.९ वर्षं. विडीचं १०.५, सिगारेटचं ११.५. चघळणाऱ्यांतल्या ५२ टक्के मुलांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केलेली होती.

नऊ-दहा वर्षं म्हणजे चौथीतलं पोर. त्या वयात संगत कुणाची असते? आजीची, काकाची, आईबरोबर शेतावर जाणाऱ्या बायांची.

आमच्या पिढीतल्या मुलग्यांना आठवत असेल, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ओटीवरून हाक यायची, "जा रे, नाक्यावरून पुडी घेऊन ये, उरलेल्याची गोळी घे." चुन्याची डबी कुठल्या कोनाड्यात असते, तंबाखू किती वेळ मळायची, थाप मारून धूळ कशी उडवायची, हे सगळं आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होतं. मळून द्यायला सांगितलं की मान मिळाल्यासारखं वाटे. गावोगावच्या घरांतून दाढ दुखली की भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावली जाते. 'थोडी लाव, बधिर होईल.' होतंही. आणि कामाला जाणाऱ्या बाईला सकाळची मिश्री भूक मारते, हे ती स्वतःच सांगते. फडावर आईबापांबरोबर गेलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला तंबाखू कुणी 'लावत' नाही. पाण्याचा हंडा असतो तशी ती कोपीत असतेच. शिवाय वरचं सर्वेक्षण शाळेतल्या मुलांचं आहे. फडावरचं, वीटभट्टीवरचं, हॉटेलात कपबशा विसळणारं पोर त्या ८.५ टक्क्यांत मोजलेलंच नाही.

या आपुलकीच्या तंबाखूचं धंद्यातलं रूप पाहायचं तर विदर्भात जावं. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, कुठल्याही पानठेल्यावर उभं राहा. पन्नीच्या तुकड्यावर कातरलेली सुपारी, तिच्यावर तंबाखू, मग चुना. पन्नीची चारी टोकं गोळा करून ती पुरचुंडी फळीवर घोटत राहायची, सुपारीवर चुना-तंबाखूचा ओलसर लेप चढेपर्यंत. गिऱ्हाइकी मोठी असेल तिथे आता घोटायला मशीन आलंय. झाला खर्रा. पश्चिम महाराष्ट्रात याचाच भाऊ मावा. त्यावर ना छापील किंमत, ना इशाऱ्याचं चित्र, ना कंपनीचं नाव. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला पाहिजे असा नियम २०१६ पासून लागू आहे. पन्नीला कसला इशारा छापणार? चुन्याचं काम नुसतं चवीचं नाही. तो अल्कधर्मी असल्याने निकोटिन गालाच्या आतून लवकर रक्तात उतरतं. आणि सुपारीला 'ती काय, देवाला पण ठेवतात' म्हणून सोडून देण्याची सवय असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. परीक्षा साधी आहे : आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहायचं. दंतवैद्यांच्या खुर्चीत आता ज्याच्या तोंडात जेमतेम दोन बोटं जातात असा कॉलेजचा मुलगाही येतो. तिखट खाववत नाही, पाणीपुरी अख्खी खाता येत नाही, ही त्याची तक्रार असते. व्यसन सोडायचं म्हणून तो आलेलाच नसतो. गेलेला लवचीकपणा पूर्ण परत येत नाही, हे त्याला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळतं.

मग संगतीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण आपण समजतो तसा नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००५ मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. संगणकावर गाडी चालवायची, दिवा पिवळा झाला की कधी थांबायचं ते आपण ठरवायचं. एकटं असताना किशोरवयीन मुलं आणि प्रौढ यांच्यात फार फरक नव्हता. बाजूला समवयस्क येऊन बसले की मुलांचा धोका पत्करण्याचा कल चांगलाच वाढला. प्रौढांचा वाढला नाही. मित्र ढोसायला लावतो असं नाही, तो नुसता बघत असतो. मेंदूतली हौसेची यंत्रणा या वयात आधी तयार होते आणि आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, हे आता पुरेसं ठाऊक आहे. शिवाय मुलं आपल्यासारखेच मित्र शोधतात, हे डेनिस कॅंडेल यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणजे टपरीमागे जमलेल्या पाचजणांत कुणी कुणाला बिघडवलं, हे शोधणं बहुधा व्यर्थ आहे. टपरी तिथे का आहे, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो.

कायद्याने ती तिथे नसायला हवी. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सांगतो : अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत विक्री नाही. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांप्रमाणे शाळेबाहेरच्या रस्त्यावर पिवळी रेषाही रंगवलेली असते. रेषेच्या आत टपरी आणि टपरीवर 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विकणे दंडनीय' ही पाटी, असं दृश्य ज्याने पाहिलं नाही असा वाचक विरळा. मोडल्यास दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. दुसरीकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७७ वं कलम मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगतं. एकाच पुडीसाठी दोनशे रुपये किंवा सात वर्षं! यातलं काय वापरलं जातं ते सांगायला नको. सात वर्षांचं कलम खरोखर लावलं तर ओटीवरून हाक मारणारे निम्मे काका आत जातील, हेही आहे.

महाराष्ट्राने गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी घातली आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर. दुसरी बंदी मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण ती मुलाच्या खिशाकडे बघून घातलेली आहे : अख्खं पाकीट त्याला परवडत नाही, एक कांडी परवडते. पण सुटी सिगारेट आजही मिळते आणि ती पेटवायला दोरी किंवा लायटरही टांगलेला असतो. गुटख्याचं तर काय, पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकत्र फाडून तोंडात टाकायच्या.

दारूबद्दल आपला कायदा याहून मजेशीर आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. शेजारच्या गोव्यात अठरा. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा. आपल्या ओळखीत पिणारे किती आणि परवानेवाले किती, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. जो नियम घरातली मोठी माणसंही चेष्टेवारी नेतात, तो सोळा वर्षांच्या मुलाने मनावर का घ्यावा? खरं तर उशीर हीच यातली मोलाची गोष्ट आहे. पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले आणि विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहिलं, असं अमेरिकेतल्या १९९७ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. यात घरची परिस्थिती, स्वभाव अशी इतर कारणंही मिसळलेली आहेत. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वर्तमानपत्रांत मात्र यातलं काही येत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला, चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि पबमधून आला होता, हे सांगण्यात पानंच्या पानं गेली; जामिनाच्या अटीत त्याला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध तर म्हणीसारखा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं आणि 'एमडी' हा शब्द घरोघरी पोचला. दोन्ही बातम्या गंभीरच. पण एम्सने २०१९ मध्ये दिलेल्या देशव्यापी अहवालात एकच पदार्थगट असा होता, ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं : हुंगायचे पदार्थ. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन. दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८. रेल्वेच्या फलाटावर ओला रुमाल नाकाला लावून बसलेलं पोर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्यावर निबंध लिहायची वेळ कुणावर आली नाही.

मग करायचं काय, याचं एक उत्तर आइसलँडने दिलं आहे आणि ते व्याख्यानाचं नाही. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यालेली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्के होती, ती ३ वर आली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन आणि इंगा डोरा सिगफुसडोटिर ही समाजशास्त्रज्ञ यांच्या कामातून उभा राहिलेला हा कार्यक्रम. शाळाशाळांतल्या मुलांना वरचेवर प्रश्नावली द्यायची, निकाल थोड्याच आठवड्यांत त्या-त्या शाळेला, पालकांना दाखवायचे. खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांवर सरकारी पैसा. रेकयाविकमध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रकमेचं कार्ड, ते कुठल्याही छंदवर्गाच्या फीसाठी. हिवाळ्यात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहायचं नाही. आणि आईबापांनी आपसात लेखी ठरवायचं की कुणाच्याही घरी मुलांच्या पार्टीत दारू असणार नाही. रात्री पाळीपाळीने वस्तीत फेरी मारायची. मुलांनी कसली शपथ घ्यायची नाही. सह्या करायच्या त्या पालकांनी.

आता शंका. आइसलँड म्हणजे चार लाखांच्या आतबाहेरची वस्ती, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. त्याच काळात युरोपात, अमेरिकेतही किशोरवयीनांचं पिणं उतरलं, आणि तिथे बहुतेक ठिकाणी हा कार्यक्रम नव्हता. त्यामुळे सगळं श्रेय याला देणं बरोबर नाही. शिवाय निकोटिनचे नवे प्रकार आले की नवी मुलं अडकतात. अमेरिकेत मुलांमधली सिगारेट बरीच उतरली तेव्हाच, २०१९ मध्ये, हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती. आपल्याकडे ई-सिगारेटवर त्याच वर्षी बंदी आली आणि दप्तरातल्या पेनांमध्ये तसलंच काही लपलेलं सापडू लागलं. तरीही आइसलँडमधून घ्यायची गोष्ट आहे ती दुपारची. दुपारच्या वेळी मूल कुठे असतं, याचं उत्तर तिथे नगरपालिकेकडे असतं. आपल्याकडे शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंतचा वेळ क्लासवाल्यांचा, मोबाइलचा, किंवा टपरीचा. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला क्रिकेट अकादमी मिळते. मैदानाचं आरक्षण उठवून तिथे संकुल बांधलं जातं तेव्हा ती व्यसनाची बातमी आहे असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट किमतीची, आणि तिथे आपण अगदी अलीकडे उलटी चाल केली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट, गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा वरचा टप्पा ठरवला आणि विडीवरचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. विडीचा विषय निघाला की विडी कामगारांच्या पोटाचं कारण पुढे केलं जातं. ते कारण खोटं नाही. सोलापुरात हजारो बायका घरबसल्या विड्या वळतात. सूप मांडीवर, पान कातरून, तंबाखू भरून, दोरा बांधून, आणि शेजारी बसलेली मुलगी सातवीत असली तरी तिचेही हात चालत असतात. घरात तंबाखूची भुकटी उडते ती लहानथोर सगळ्यांच्या नाकातोंडात. पण या बाईची मजुरी हजारी दरावर, म्हणजे हजार विड्यांमागे, ठरते. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून हजारी दर आपोआप चढत नाही. तो चढवायला किमान वेतनाची अंमलबजावणी लागते, आणि त्यासाठी तिथल्या कामगार संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत. कर उतरला की विडीचा कट्टा तेवढा स्वस्त राहतो. तो आणायला नाक्यावर ज्याला पाठवतात, तो अजून पाचवीतच असतो.