जोडणाऱ्याचें कर्तव्य

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या घराच्या सज्जाला नव्या फळ्या बसविल्या. दिसावयास त्या सागवानी. वस्तुतः निम्मा लांकडाचा भुसा आणि निम्में प्लॅस्टिक. काम संपल्यावर संवयीनें मी उरलेले तुकडे गोळा करूं लागलों, तेव्हां सुतार म्हणाला, "साहेब, हे बंबांत घालूं नका." मग टाकावयाचे कोठें, या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें, माझ्यापाशींही नव्हतें.

ही युक्ति मुळांत नवी नव्हे. १९०७ सालीं लिओ बेकलंड यांनीं बेकेलाइट तयार केलें, पण ती राळ एकटी ठिसूळ. लांकडाचें पीठ मिसळल्यावर तिला बळकटी आली, आणि टेलिफोन व रेडिओच्या पेट्या त्या मिश्रणाच्या होऊं लागल्या. आमच्या पूर्वजांनींही भिंतीच्या चिखलांत भाताचें तूस तुडविलेंच होतें. मात्र ती भिंत पडली कीं कांहीं पावसाळ्यांत मातीची माती होई.

या फळीचें तसें नाहीं. लांकडाला पाण्याची ओढ, पॉलिथीनला पाण्याचें वावडें. म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलें एक तिसरें द्रव्य मध्यस्थ म्हणून घालतात. तें एका अंगानें तंतूला धरतें, दुसऱ्या अंगानें प्लॅस्टिकमध्यें गुंततें. लांकूड सुमारें २०० अंशांपुढें करपूं लागतें, सबब त्याच्या आंत वितळणारेंच प्लॅस्टिक घ्यावें लागतें. एवढ्या खटपटीनें जुळविलेला हा संसार पुढें मोडतां येत नाहीं. फळी दळून पुन्हां फळी करतां येते, हें खरें. पण दर खेपेस तंतु आंखूड होतो, आणि लांकूड वेगळें काढून मातीला देणें व्यवहारांत शक्य नसतें.

वखारींतला भुसा व टाकाऊ पिशव्या यांत सत्कारणीं लागतात, हें पुण्य मी नाकारीत नाहीं. परंतु माझे एक रसायनज्ञ स्नेही म्हणतात, "वस्तु पुष्कळ वर्षें टिकेल, तिच्या अंताची काळजी आजच कशाला?" हा युक्तिवाद मला पटत नाहीं. नातवाच्या नांवें कर्ज लिहून ठेवणाऱ्या गृहस्थाला आपण दूरदर्शी म्हणत नाहीं. वस्तु जोडतांना ती सोडविण्याची वाट शोधणें हा जोडण्याच्याच कामाचा भाग होय. तो पुढच्या पिढीवर ढकलणें म्हणजे अर्धें काम करून पुरी मजुरी घेणें.

अर्थात् सागाचा भाव ऐकून या फळ्या मींच पसंत केल्या होत्या. तुकडे सध्यां माळ्यावर आहेत.