राजीखुशी

हक्कसोडपत्रात एक शब्द ठरलेला असतो, ‘राजीखुशीने’. बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतो. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतका वाटा दिला, तरी ती सोडते. नाही म्हटलं की माहेर तुटतं, अन् सासरी बिनसलं तर जायला तेवढंच एक दार! मग खुशी कुठली?

हेच रात्रीचं. त्यावर कुणी बोलत नाही. नवऱ्याच्या जबरदस्तीला कायदा अजून बलात्कार म्हणत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईच्या ‘हो’ला आपण संसार म्हणतो.

शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीत कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. तेव्हा पारावर एकच शंका निघायची: उद्या ती ऐकंना झाली तर?