कारागिराची श्रद्धा



जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती १६३६-३७ साली गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्यावर संताच्या जीवनातील ३२ प्रसंग उठावात आहेत. खालचे संगमरवरी स्मारक फ्लॉरेन्सच्या फॉज्जिनीचे. ते १६९८ साली उभे राहिले. फॉज्जिनीचे नाव वाटाडेसुद्धा सांगतात. सोनार मात्र नुसते 'गोव्याचे सोनार' राहिले.

१५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा, क्रूस, चषक हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, ह्याचाच अर्थ कामे त्यांच्याकडे जात होती. पुढेही जात राहिली, कारण हात त्यांचा कसलेला होता.

आपल्या वेदीच्या लाकूडकामासाठी ठरवलेला सुतार ख्रिस्ती नाही, म्हणून काही जणांनी आमच्याकडे नाराजी व्यक्त केली. प्रश्न हलका नाही. पवित्र वस्तू घडवणाऱ्याच्या मनात आपली श्रद्धा नसेल, तर त्या वस्तूत काही उणे राहते का?

संत थॉमस अक्विनास म्हणतात, कारागिराची प्रशंसा तो कोणत्या इच्छेने काम करतो ह्यावरून नव्हे, तर काम कसे उतरते ह्यावरून होते. सांधा ढिला बसला, तर भक्तीने तो घट्ट होत नाही! ह्यावर कोणी निर्गम ग्रंथातील बसालेलकडे बोट दाखवील. त्याला तर देवाने आपल्या आत्म्याने भरले होते. खरे आहे. पण तिथे आत्म्याचे दान म्हणून सोने, रुपे आणि लाकूड ह्यांवरचे कसबच सांगितले आहे. आणि शलमोनाने मंदिरासाठी गंधसरू तोडायला सीदोनी माणसे मागितली, ती इस्राएलच्या देवाला भजणारी नव्हती. त्यांच्यासारखे लाकूड तोडणारे आमच्यात कोणी नाहीत, हे त्याने मोकळेपणाने कळवले.

अर्पण कारागीर करीत नाही, ख्रिस्तसभा करते. वेदीला डाग लागायचाच असेल, तर तो आमच्या बाजूने लागेल. कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब लिहितो. सुताराला निम्मी रक्कम आगाऊ दिली आहे; उरलेली काम संपेल त्याच दिवशी द्यायची आहे, आणि वेदीच्या निधीत अजून तेवढी जमलेली नाही.

काम पुढच्या सोमवारी सुरू होईल. तेवढे दिवस पुढच्या दोन रांगांतील बाके मागे सरकवावी लागतील.