सुचले कोठून?

चित्रप्रदर्शन पाहावयास गेले की हल्ली दाराशीच एक छापील कागद हाती पडतो. त्यावर चित्रकाराचे छायाचित्र, जन्मगाव, मिळालेली पारितोषिके आणि खाली त्याचे मनोगत असते. कवितासंग्रहाच्या आरंभी, ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, नाटकाच्या स्मरणिकेतही असेच मनोगत आढळते. ‘मला हे कसे सुचले’ हा त्याचा विषय. लोकांनाही ते वाचावयास आवडते. चित्रापुढे दोन मिनिटे आणि कागदापुढे पाच, असा निदान आमचा तरी अनुभव आहे. या मनोगतांकडे आम्ही पुष्कळ वर्षे एक निरुपद्रवी शिष्टाचार म्हणून पाहत आलो. आता तसे पाहवत नाही. ‘हे कोठून आले’ या प्रश्नाचे उत्तर देताना कलावंतावर काही नैतिक जबाबदारी असते काय, हा विचार आम्हांला टोचू लागला आहे आणि त्याला कारण आमचाच एक प्रमाद आहे. तो आधी सांगितला पाहिजे.

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजनाघाट हे गाव आहे. पलीकडे मध्य प्रदेशाची हद्द. संत्र्याच्या बागा या पट्ट्यात सर्वत्रच आहेत; परंतु शेंदूरजनाघाटची विशेष ओळख आहे ती संत्र्याच्या कलमांची. नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे या भागात होतो, तेव्हा एका स्नेह्यांच्या रोपवाटिकेत हिवाळ्याच्या सकाळी जाऊन बसण्याचा आम्हांला छंद जडला होता. खुंट जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. तो बियांपासून वाढवतात. पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर त्याच्या सालीत चीर देतात, तीत संत्र्याच्या निवडक झाडाचा डोळा बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. डोळा फुटून जोमाने वाढू लागला की खुंटाचा वरचा शेंडा छाटून टाकतात. काही वर्षांनी बागेत आलेला पाहुणा गोड संत्रे सोलतो. आंबट जंबेरीचे नाव काढण्याचे त्याला काही कारण नसते. बागवान मात्र तिला विसरत नाही. झाड उभे आहे ते तिच्या मुळांवर, आणि डिंक्या लागला तर तो बहुधा खालूनच लागतो, हे त्याला ठाऊक असते.

त्या रोपवाटिकेत वाफ्यांतून निंदण करणारी एक बाई काम करता करता गात असे. शब्द आम्हांला नीट कळत नसत. पण चाल अशी होती की ती ऐकल्यावर दिवसभर मनातून जाईना. तिसऱ्या ओळीत सूर किंचित थबके आणि मग जणू उसासा टाकून खाली उतरे. पुढे पवित्र मरियेच्या सणासाठी आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदाला नवे गीत हवे होते. एका संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये आल्तारासमोर बसलो असता आम्हांला शब्द सुचले आणि ते आपोआप त्या चालीवर जाऊन बसले. थबकणारी जागा तेवढी आम्ही गुळगुळीत केली. तेथे सूर चढवला, म्हणजे सर्वांना एकत्र म्हणता येईल. गीत लोकांना आवडले. शेजारच्या धर्मग्रामांतही ते गाईले जाऊ लागले. यथावकाश शाल-श्रीफळ झाले आणि त्या छोट्या समारंभात एका तरुणाने विचारले, “सर, हे गीत तुम्हांला कसे सुचले?” आम्ही उत्तरलो, “आल्तारासमोर प्रार्थनेत असताना.” टाळ्या पडल्या.

ती बाई त्या क्षणी आम्हांला आठवली नाही, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ती आठवली होती.

आमचे उत्तर असत्य नव्हते, हीच त्यातली मेख. शब्द तेथेच सुचले होते. पण विचारणाऱ्याला जे जाणून घ्यावयाचे होते, त्यातील अर्धे आम्ही गिळले. का गिळले, याचाही छडा आम्ही लावला आहे. निंदण करणाऱ्या बाईची चाल आल्तारापर्यंत आणली हे ऐकून काही मंडळी नाके मुरडतील, ही एक भीती. आणि प्रार्थनेत सुचले म्हटल्याने आमची प्रतिमा उजळते, हा दुसरा मोह. एकात भ्याडपणा, दुसऱ्यात अहंकार. आणि दोहोंवर पांघरूण देवाच्या नावाचे.

प्रभू येशूने ‘कुर्बान’ या शब्दावरून शास्त्र्यांना आणि परुश्यांना जे सुनावले, ते संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. आईबापांना ज्यातून द्यावयाचे ते ‘देवाला वाहिले’ असे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे, अशी ती सोय होती. देवाचे देणे पुढे करून माणसाचे देणे बुडवण्याची ती युक्ती. हा उतारा आम्ही मिस्सामध्ये कितीदा ऐकला असेल. तो गीतरचनेलाही लागू पडतो, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले. ‘मला वरून स्फुरले’ असे म्हणणारा कलावंत नम्र वाटतो. परंतु वरून आलेल्याची वाच्यता करताना शेजारून घेतलेल्याबद्दल तो मौन पाळत असेल, तर त्या नम्रतेत कुर्बानाचा अंश आहे.

यावर कोणी म्हणेल, कलावंताने काय पावत्या जपून ठेवायच्या? तसे नव्हे. थोर कलावंत या बाबतीत कसे वागले ते पाहू. सैयद हैदर रझा (१९२२-२०१६) हे सातपुड्याच्या त्या अंगाचे, मंडला जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपूरच्या कलाविद्यालयात शिकलेले. पॅरिसमध्ये त्यांनी आयुष्याची अनेक दशके काढली, ‘बिंदू’च्या चित्रांनी जगभर कीर्ती मिळवली. या बिंदूविषयी विचारले असता तत्त्वज्ञान सांगण्याची त्यांना पुरेपूर संधी होती, आणि तेही त्यांनी सांगितलेच. पण त्यासोबत ते एक साधी आठवण आवर्जून सांगत. लहानपणी त्यांचे चित्त अभ्यासात ठरत नसे, म्हणून खेड्यातील शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितले. जगप्रसिद्ध चित्राचा उगम एका प्राथमिक शिक्षकाच्या ठिपक्यात आहे, हे सांगताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या वाचकांपैकी काहींना रुचणार नाही. फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४-२००२) हे गोव्यातील साळगावचे. बालपणी देवीच्या रोगातून वाचले, म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना केलेल्या नवसाप्रमाणे त्यांच्या नावात ‘फ्रान्सिस’ आले. पुढे त्यांनी धर्मसंस्थेवर टीका केली आणि त्यांची कित्येक चित्रे आपल्या दिवाणखान्यात कोणी लावणार नाही. पण आत्मपर लेखनात त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की गोव्यातील चर्चचा आपल्यावर प्रचंड प्रभाव पडला. सिद्धान्तांचा नव्हे, तर भव्य वास्तूचा, उपासनेच्या थाटाचा, भरजरी वस्त्रांतील धर्मगुरूंचा, धूपाच्या वासाचा आणि क्रुसावरील त्या विदीर्ण देहाचा. ज्या घराशी भांडलो त्याच घराचे अन्न खाल्ले, हे त्यांनी लपवले नाही. श्रद्धाळू म्हणवणाऱ्या आमच्यासारख्यांनी जे सांगितले नाही, ते या बंडखोराने सांगितले, याची आम्हांला थोडी लाज वाटते.

नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांची तऱ्हा निराळीच. ते फारच थोडे बोलत आणि बोलले तर शांततेविषयी बोलत. मौन हेही उत्तर असू शकते. न बोलणारा कोणाचे देणे नाकारत नाही. आम्ही गप्प राहिलो असतो तरी चालले असते.

पवित्र शास्त्रात तर या प्रश्नाचे मोठे विलक्षण उत्तर आहे आणि ते कॅथलिक बायबलमध्ये सापडते. मक्काबी यांच्या दुसऱ्या ग्रंथाचा कर्ता आरंभीच सांगून टाकतो की मूळ इतिहास कुरेनेच्या यासोनाने पाच भागांत लिहिला असून आपण त्याचा संक्षेप करीत आहोत. या कामी घाम गाळावा लागला, रात्री जागाव्या लागल्या. शेवटी तो म्हणतो की ग्रंथ चांगला उतरला असेल तर तीच आपली इच्छा होती. सामान्य ठरला तर आपल्याला एवढेच साधले. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिला गेला असे ख्रिस्तसभा ज्याविषयी मानते, त्या ग्रंथाचा लेखक दुसऱ्याचे ऋण सांगतो, घाम सांगतो आणि वर वाचकाची क्षमाही मागतो! संत लूकही देवदूताने आपल्याला मजकूर सांगितला असे म्हणत नाही. प्रत्यक्षदर्शींनी सोपवलेल्या गोष्टींचा आपण मुळापासून शोध केला, असे तो लिहितो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ एप्रिल १९९९ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, जगातील कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले. त्यात निर्माता आणि कारागीर यांतील भेद स्पष्ट केला आहे: शून्यातून निर्मिती एकट्या परमेश्वराची, माणूस जे आधीच आहे त्याला आकार देतो. ‘जे आधीच आहे’ या शब्दांत आमच्या मते ती निंदण करणारी बाईही येते.

हीच रीत या जिल्ह्याला परकी नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, तेथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ त्यांनी एकट्याच्या प्रतिभेवर लिहिला नाही. नागदेवाचार्यांच्या आठवणी घेतल्या, इतर शिष्यांना गाठून त्यांना विचारले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही नोंदला.

एक अडचण उरते आणि ती आम्ही टाळू इच्छीत नाही. चाल ही कोणाची? लोकपरंपरेतील वस्तूला धनी कोण? वारली चित्रे पूर्वी लग्नाच्या भिंतीवर सुवासिनी काढीत. डहाणू परिसरातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ती कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या अनाम सुवासिनींचे देणे कोणी, कोणाला, कसे द्यावे? हिशेब मांडू गेल्यास तो सुटत नाही. धनी सापडत नाही म्हणून देणेच नाही, असे मात्र आमचे मन म्हणू देत नाही.

आणखी एक. ‘अचानक सुचले’ हेही आम्ही आता जपून म्हणतो. मृग बहार घेणारा बागवान उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतो, त्याला ‘ताण’ देतो. पाने मलूल होतात, बाग पाहवत नाही. मग पावसाच्या सरी येतात आणि बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. वाटसरूला वाटते, एका रात्रीत फुलली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही शेंदूरजनाघाटला पुन्हा गेलो. पंचवीसेक वर्षे लोटली होती. बाईंनी सत्तरी गाठलेली, काम सुटलेले. घरासमोर ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. आम्ही सर्व सांगितले, चुकलो म्हणालो. त्यांना त्यात चुकण्यासारखे काय आहे तेच कळेना.

“माही कुठची थे चाल, बाप्पा? माह्या सासूची व्हय. तिनं कोनापासून घेतली थे तिलेच ठाव.” मग म्हणाल्या, “तुमी काय घातलं त्याच्यात? म्हना बरं.”

आम्ही भीतभीतच मरियेचे गीत म्हटले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला.

“इथं आवाज चढवता कायले? इथं थांबाव लागते. जात्यात मूठ टाकाव लागते नं.”

आणि उजवा हात जणू खुंट्यावर ठेवून, डाव्या हाताने नसलेल्या जात्यात मूठ सोडीत, त्यांनी ती ओळ आम्हांला पहिल्यापासून म्हणून दाखवली.